लेन्सवरची लाल पट्टी आणि काचेवरचे ओरखडे

चिपळूणच्या एका तरुण फोटोग्राफरने विचारलंय. तो लग्नाच्या ऑर्डरी घेतो, हातात कॅननची क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची, बॉडी आहे. मुंबईत जुन्या लेन्सच्या एका दुकानात त्याच्यापुढे दोन लेन्स ठेवल्या, भाव जवळपास सारखाच. एक २४-१०५ एफ/४ एल, म्हणजे कॅननच्या उंची मालिकेतली, पुढच्या कडेला लाल पट्टी असलेली, अंगावर एक चरा नाही (२४-१०५ हा झूमचा मिमीतला पल्ला; एफ/चा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). दुसरी १७-५५ एफ/२.८, पट्टीबिट्टी काही नाही, वर पुढच्या काचेवर दोन बारीक ओरखडे. दुकानदार म्हणाला, ‘रेड रिंग ती रेड रिंग, डोळे मिटून घ्या.’ घ्यावी का?

डोळे मिटून सुईसुद्धा घेऊ नये, ही तर लेन्स आहे. माझा धंदा लेन्स उघडून साफ करण्याचा आणि पुन्हा जुळवण्याचा, ठाण्यात, सव्वीस वर्षं. टेबलावर लेन्स आली की गिऱ्हाईक मला पट्टी दाखवतं आणि मी मागच्या माउंटचे, म्हणजे कॅमेऱ्यावर चढणाऱ्या कड्याचे, स्क्रू बघतो. का, ते पुढे येईल. आधी पट्टीचं बोलू, कारण ती अगदीच खोटी नाही.

‘एल’ म्हणजे लक्झरी, असं कंपनीच सांगते. पण त्याचं मूळ चैनीत नाही, फ्लोराइट नावाच्या खनिजात आहे. साध्या काचेतून लाल आणि निळा प्रकाश एकाच ठिकाणी फोकस होत नाही. टेलिफोटोत, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये, हे फार बोचतं. आकाशासमोरच्या काळ्या फांदीला जांभळी किनार दिसते ती ह्यामुळेच. फ्लोराइटच्या स्फटिकात हा दोष फार कमी. एकोणिसाव्या शतकापासून सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत तो वापरत, पण कॅमेऱ्याला पुरेल एवढा मोठा निर्दोष तुकडा खाणीत मिळत नाही. कॅननने तो भट्टीत वाढवला आणि १९६९ मध्ये ३०० मिमी एफ/५.६ ची फ्लोराइट लेन्स काढली. हा माल मऊ, घासायला वेळखाऊ, उन्हात फुगणारा. मोठ्या टेलिफोटोंचा पांढरा रंगही त्यातूनच आला: काळी नळी उन्हात तापते, आतली भिंगं फुगतात, फोकस सरकतो. लोक त्या पांढऱ्या रंगाला रुबाब समजतात. तो मुळात उन्हावरचा उपाय आहे. निकॉनने त्याच दुखण्यावर फ्लोराइटऐवजी ईडी नावाची काच काढली आणि तिच्या लेन्सना सोनेरी पट्टी दिली. म्हणजे सुरुवातीला पट्टी ही आत काय घातलंय त्याची पावती होती.

ह्याहून जुन्या खुणा तर आणखी प्रामाणिक. जर्मनीतल्या त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर प्रतिबिंब मारणारा थर चढवण्याची पद्धत शोधली. त्यानंतर बरीच वर्षं एकाच नावाची लेन्स दोन तऱ्हांनी मिळायची, थर असलेली आणि नसलेली. त्साइस थरवालीवर लाल ‘टी’ घालायची, कोडॅक गोलातलं ‘एल’. ते एक अक्षर पाहिलं की कळायचं, ही उजेडाकडे तोंड करून चालेल, ती चालणार नाही. आज फुटपाथवरच्या लेन्सलाही कोटिंग असतं, त्यामुळे कोटिंगच्या खुणेला भाव उरला नाही. खूण सगळ्यांकडे पोचली की तिचं सांगणं संपतं. लाल-सोनेरी पट्ट्यांचंही बरंचसं असंच झालंय. टोकिनाने सोनेरी घातली, सिग्माच्या जुन्या ईएक्स मालिकेने सोनेरी घातली, ऑलिंपसच्या प्रो लेन्सला निळी आली. सिग्माने २०१२ पासून पट्टी सोडून ए, सी, एस ही अक्षरं धरली, तर लोक त्यांनाही परीक्षेतली श्रेणी समजून वाचतात. ‘सी’ म्हणजे कंटेम्पररी, हलकी आणि आटोपशीर. ती ‘ए’च्या खालचा नंबर नव्हे.

आणि पट्टी चिकटवताही येते. काही वर्षांपूर्वी एक जण कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी किट झूम घेऊन आला. झूम रिंग अर्ध्यावर अडकत होती. पाहतो तर पुढच्या कडेला ऑनलाइन मागवलेली लाल टेप गुंडाळलेली. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली, गोंद पातळ होऊन फटीत उतरला, वर धूळ बसली. स्पिरिटने गोंद काढायला दीड तास गेला. लेन्स मूळची चांगलीच होती हो, बिचारीला उगाच नटवलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात. इथे उलटा प्रकार, वाळा बरा होता आणि त्यालाच सोन्याचं पाणी.

आता तुमच्या दोन लेन्सकडे येतो. कॅननने २००३ मध्ये क्रॉप बॉडींसाठी ईएफ-एस माउंट आणला आणि त्या घराण्यातल्या एकाही लेन्सला कधी ‘एल’ दिलं नाही. १७-५५ एफ/२.८ आली २००६ मध्ये. तिच्या आत रंगदोष कमी करणारी यूडी काच आहे, अॅस्फेरिकल भिंगं आहेत, हाताची थरथर झेलणारा स्टॅबिलायझर आहे, सगळ्या झूमवर एफ/२.८ आहे. ‘एल’ म्हणवून घ्यायला लागणारा काचेचा ऐवज तिच्यात भरलाय. नाही ती फक्त पट्टी, कारण तिचा माउंट पट्टीच्या नियमात बसत नाही. हा कारखान्याच्या कागदावरचा नियम, त्यात काचेचा दोष नाही. उलट कॅननच्याच डीओ लेन्सना (प्रकाश बारीक खाचांनी वळवणाऱ्या) हिरवी पट्टी असते आणि त्यांतली ४०० मिमी बऱ्याच लाल पट्टीवाल्यांपेक्षा महाग. रंगावरून उतरंड लावायला गेलात की इथेच फसाल.

एक फरक मात्र खरा आहे आणि तो कोकणात महत्त्वाचा. २४-१०५ एलला धूळ-पाण्यापासून संरक्षण आहे. माउंटच्या कडेला बारीक रबरी गॅस्केट दिसेल. १७-५५ ला ते नाही, आणि तिच्या पुढच्या काचेमागे धूळ जमते ही तिची जुनी ख्याती आहे. पण लाल पट्टी म्हणजे पावसात चालणार, हेही धरून चालू नका. बिनस्टॅबिलायझरची ७०-२०० एफ/४ एल चांगली लाल पट्टीची आहे, गॅस्केट नाही. १७-४० एल आणि ५० एफ/१.२ एल यांचं संरक्षण पुढे फिल्टर लावल्यावरच पुरं होतं. मागचं रबर नखाने चाचपून बघा, पट्टीपेक्षा ते खरं बोलतं.

अजून एक गैरसमज जाता जाता. माउंटजवळचा लाल ठिपका दाखवून ‘ही पण रेडवाली’ म्हणणारे मला भेटलेत. तो ठिपका लेन्स कॅमेऱ्यावर कुठे जुळवायची त्याची खूण आहे. साध्या ५० एफ/१.८ वरही असतो. ईएफ-एसवर त्याच्या जागी पांढरा चौकोन असतो.

लाल पट्टीची लेन्स निर्दोष जन्मते असंही नाही. २४-१०५ एल २००५ मध्ये आली तेव्हा सुरुवातीच्या खेपेत २४ मिमीजवळ, उजेड विशिष्ट कोनातून आला की फ्लेअर, म्हणजे फोटोवर उजेडाचा डाग, येत होता. कंपनीने ते जाहीरपणे मान्य करून त्या लेन्स दुरुस्त करून दिल्या. तुमच्यासमोरची कधीची आहे ते बघायचं असेल तर माउंटच्या आतल्या काळ्या भागावर छापलेली दोन अक्षरं आणि आकडे बघा. पहिलं अक्षर कारखान्याचं: यू म्हणजे उत्सुनोमिया, ओ म्हणजे ओइता, एफ म्हणजे फुकुशिमा. दुसरं वर्षाचं: ए म्हणजे १९८६, पुढे ओळीने, टी म्हणजे २००५. यूटी दिसलं तर ती पहिल्या वर्षातली. दुरुस्ती झाली होती का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नंतरच्या लेन्सवर हा कोड छापणं कंपनीने बंद केलं. ती फिकट अक्षरं कोणी दाखवत नाही, पण एवढ्या सगळ्या छपाईत कामाची माहिती तीच देतात.

ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन लेन्स सारख्या नसतात. अमेरिकेत मेम्फिसला लेन्सरेंटल्स नावाची भाड्याने लेन्स देणारी कंपनी आहे. तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलचे बरेच नग मशीनवर मोजून आकडे छापले. फरक प्रत्येक मॉडेलमध्ये निघतो, महागड्यांतही, आणि झूममध्ये प्राइमपेक्षा, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सपेक्षा, जास्त. माझ्या टेबलावरचा अनुभव वेगळा नाही. झूमच्या आत भिंगांचे गट छोट्या नायलॉनच्या कॉलरवर सरकतात. कॉलर झिजली किंवा लेन्स एकदा आपटली की गट केसभर तिरका होतो. बाहेर पोचासुद्धा नसतो, पट्टी लखलखीत असते, आणि फोटोचा उजवा वरचा कोपरा कायम लोण्यासारखा. एका गिऱ्हाइकाने तशा लेन्सवर दोन सीझन लग्नं काढली. ग्रुप फोटोत उजवीकडची मंडळी नेहमी मऊ येतात, त्याचा दोष तो बॉडीच्या फोकसला देत होता. उघडली तर एक कॉलर फुटून दोन तुकडे झालेली. तो नायलॉनचा तुकडा मसुराच्या डाळीएवढा असेल.

आता ओरखडे. ह्यांनाच लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि त्यांनीच सर्वांत कमी बिघडतं. हिशेब करून बघा. ५५ मिमीवर एफ/२.८ ला प्रकाश जी वाट वापरतो तिचा व्यास सुमारे २० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमीच्या आसपास. दहा मिमी लांब आणि ०.१ मिमी रुंद ओरखडा एक चौरस मिमी झाकतो. फोटोतल्या प्रत्येक बिंदूला येणाऱ्या प्रकाशातला फार तर तीनशेवा भाग गेला. कोणाच्या डोळ्याला कळणार? विश्वास बसत नसेल तर फिल्टरवर तांदळाच्या दाण्याएवढा कागद चिकटवा, ५५ वर एफ/२.८ ठेवून फोटो काढा आणि शोधा. सापडणार नाही. पण १७ मिमीवर एफ/११ ला तीच वाट जेमतेम दीड मिमीची होते. तेव्हा ओरखड्यासमोर आलेल्या भागात डाग किंवा धूसरपणा दिसू शकतो. लग्नाच्या हॉलमध्ये १७ वर एफ/११ कोण लावतं?

ओरखड्याचा खरा त्रास वेगळा. दिवा समोर आला की ओरखडा स्वतः चमकतो आणि फोटोवर पांढुरका पडदा येतो. मांडवातल्या हॅलोजनला ही सवय आहे. खोल खपली असेल तर आम्ही तिच्यात मॅट काळा रंग भरतो, सुईच्या टोकाने, दुर्बिणीखाली. काळी केलेली खपली थोडा प्रकाश अडवते, पण चमकत नाही. गिऱ्हाईक ती बघून हबकतं, ‘आधी बारीक होती, आता काळा ठिपका झाला!’ मग उजेडाकडे तोंड करून दोन फोटो काढून दाखवावे लागतात. मागच्या, सेन्सरकडच्या काचेवरचा ओरखडा मात्र निराळा. तिथे प्रकाशाची वाट अरुंद झालेली असते आणि सेन्सर जवळ. पुढच्या काचेवर पाच ओरखडे परवडले, मागच्यावर एक नको.

जुन्या लेन्सच्या शौकिनांसाठी दोन ओळी. पन्नासच्या दशकातल्या काचेत टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे असले तर घाबरू नका. त्या काळी चांगल्या काचेतही ते राहायचे. श्नायडरच्या जुन्या लेन्समध्ये कडेला पांढरे ठिपके दिसतात ते भिंगाच्या काठाचा काळा रंग सुटल्यामुळे, आणि फोटोत त्याने फरक पडत नाही. पेंटॅक्सच्या सत्तरच्या दशकातल्या टाकुमार ५० एफ/१.४ ची काच चहासारखी पिवळी झालेली असते. लोक तिला खराब समजून स्वस्तात काढतात. ती पिवळी होते कारण महागड्या काचेत थोरियम घातलेलं आहे. काही आठवडे उन्हात ठेवली की बरीचशी निवळते. दोष वाटणारी खूण इथे उंची मालाची निघते.

फंगस मात्र गंमत नव्हे. चिपळूणच्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीची नर्सरी. पांढऱ्या जाळ्या सुरुवातीला पुसून निघतात. जुन्या झाल्या की कोटिंग खातात, आणि साफ केल्यावरही काचेवर त्यांची नक्षी राहते. हेझ म्हणजे सगळ्या काचेवर आलेला धुरकट थर. तो सरळ बघून दिसत नाही, तिरप्या टॉर्चने दिसतो. एखादी लेन्स बाहेरून अजिबात न घासलेली असेल तर मला आधी हीच शंका येते, वापरली नाही म्हणजे कपाटात कुठे पडून होती? पुढच्या वर्षी कमाईतून ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. लाल पट्टीच्या आधी ते.

आणि स्क्रू. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी प्रमाण, मापाचे असतात. आपल्याकडचा साधा फिलिप्स पेचकस त्यांत बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की उसळून बाहेर येतो आणि स्क्रूचं डोकं कुरतडतो. म्हणून माउंटच्या स्क्रूंच्या खाचा चकचकीत, चुरडलेल्या दिसल्या तर समजा, लेन्स कोणीतरी चुकीच्या हत्याराने उघडली आहे. माउंटच्या पट्टीखाली कागदासारखे पातळ वॉशर असतात, शिम म्हणतात, अंतर जुळवायला. घाईत उघडताना ते हरवतात किंवा उलटसुलट बसतात, आणि मग एक बाजू कायम फोकसबाहेर. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका लेन्सचा एक शिम झाडून टाकला होता, कचरा समजून. दोन दिवस कोपरा का जुळत नाही म्हणून डोकं धरून बसलो.

तेव्हा दुकानात जाताना स्वतःची बॉडी, रिकामं कार्ड आणि मोबाइल न्या. दोन्ही लेन्स कॅमेऱ्यावरून काढून मागून टॉर्च मारा. ह्या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, कॅमेऱ्याबाहेर उघडंच असतं, त्यामुळे आत आरपार दिसतं. मग लेन्स चढवून एफ/८ वर ठेवा आणि झूम इथून तिथे फिरवत दहा-बारा फोटो काढा. ह्या दोन्ही लेन्समध्ये ॲपर्चरची फ्लेक्स केबल वाकून वाकून तुटते. तुटायला आली की काही झूमवर कॅमेरा एरर ०१ दाखवतो. एफ/४ वर सगळं नीट आणि एफ/८ वर एरर, असं झालं तर लेन्स खाली ठेवा. अर्धं बटण दाबून कान द्या: स्टॅबिलायझरची बारीक घरघर ठीक, पण चित्र उडी मारत असेल तर १७-५५ मध्ये तो खर्च मोठा असतो. शेवटी दुकानाबाहेर या, लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर मधोमध घ्या, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने फोकस करा. मग फोकसला हात न लावता तोच टॉवर चारही कोपऱ्यांत आणून एकेक फोटो काढा. चारही कोपरे थोडे मऊ असले तर चालेल. तीन बरे आणि एक लोणी झाला तर ती लेन्स नको, मग तिच्यावर सोन्याचा पत्रा का असेना.

दोन्ही ह्या चाचणीतून पार झाल्या तर मी तुम्हाला १७-५५ घ्यायला सांगेन. क्रॉप बॉडीवर २४ मिमी म्हणजे साधारण ३८ मिमीचा घेर; मांडवात अंतरपाटासमोर उभं राहून दोन्हीकडचे मामा फ्रेममध्ये यायचे नाहीत. १७ म्हणजे २७ चा. एफ/४ च्या जागी एफ/२.८ म्हणजे दुप्पट प्रकाश: आयएसओ ६४०० च्या जागी ३२००. हॉलच्या पिवळ्या उजेडात हा फरक अल्बम छापल्यावर दिसतो. बाहेरचे, चालते-फिरते सोहळे जास्त करत असाल, वरातीत पावसाची भुरभुर अंगावर घ्यायची असेल किंवा वर्षभरात मोठ्या सेन्सरची फुलफ्रेम बॉडी घेणार असाल, तर २४-१०५ चा विचार करा, कारण १७-५५ फुलफ्रेम डीएसएलआरवर चढतच नाही, आणि फुलफ्रेम मिररलेसवर अडॅप्टरने चढली तरी चित्र क्रॉपच मिळतं. वजनाचा प्रश्न नाही, दोन्ही साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. फिल्टरही दोन्हींना ७७ मिमीचाच.

ओरखड्यांवरून भाव पाडून घ्या, नि:संकोच. आणि पिशवीत हूड, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड अडवणारी झडप, आहे का विचारा. एल लेन्सबरोबर कंपनी हूड आणि पाऊच डब्यातच द्यायची. १७-५५ बरोबर हूड यायचा नाही, वेगळा घ्यावा लागायचा, म्हणून जुन्या नगांबरोबर तो सहसा मिळत नाही. मॉडेल ईडब्ल्यू-८३जे, दुसऱ्या कंपनीचा प्लॅस्टिकचाही चालतो. हॅलोजन समोर आल्यावर त्या दोन ओरखड्यांचा बंदोबस्त तोच करेल.